लेकुरवाळी विद्यार्थिनी

आपल्याकडे आयुष्याचे चार आश्रम सांगितले आहेत आणि त्यांचा क्रमही ठरवून दिलेला आहे. आधी ब्रह्मचर्य, मग गृहस्थाश्रम. गुरुगृही राहून विद्या संपादन करावी, ती पुरी झाली म्हणजे घरी परतावे, मग विवाह, मग मुलेबाळे. हा क्रम ज्यांच्यासाठी सांगितला गेला ते मुलगे होते, आणि तेही वरच्या वर्णांतले, ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. ती व्यवस्था मोडून कित्येक शतके लोटली. परंतु आपल्या विद्यापीठांचे नियम वाचावयास घेतले, की तोच क्रम त्यांच्या पोटात बसलेला दिसतो. उपस्थितीचा नियम घ्या, वसतिगृहाचा घ्या, शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेच्या वेळापत्रकाचा घ्या. तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो विद्यार्थी होता तो सडाफटिंग होता. त्याला घर असलेच तर ते आईबापांचे. रात्री दोनदा उठून दूध तापवण्याची पाळी त्याच्यावर कधी येत नव्हती.

आज मला बोलायचे आहे ते अशा विद्यार्थ्यांविषयी, ज्यांच्यावर ही पाळी रोज येते. पदरात मूल असताना जे शिकत आहेत, किंवा शिकू पाहत आहेत, त्यांच्याविषयी. मराठीत अशा स्त्रीला ‘लेकुरवाळी’ असा सुंदर शब्द आहे, आणि ‘विद्यार्थिनी’ हा शब्दही आपल्याला नवा नाही. पण हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले की ऐकणारा किंचित थबकतो. मूल वाढवणारे विद्यार्थी-पिते नसतात असे नाही. असतात, आणि त्यांच्याही अडचणी खऱ्या आहेत. तरीपण आपल्या घरांतील कामाची वाटणी पाहता, पुस्तक आणि पाळणा यांतून एकाचीच निवड करण्याचा प्रसंग बापावर क्वचित येतो. म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः आईला धरून असेल.

अशा विद्यार्थिनी किती आहेत? उच्च शिक्षणाची अखिल भारतीय पाहणी दर वेळी बरीच तपशीलवार असते. २०२१-२२ च्या पाहणीत देशातील महाविद्यालये व विद्यापीठे मिळून ४ कोटी ३३ लाखांच्या आसपास विद्यार्थी होते, आणि त्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या. त्यांची जात, धर्म, अपंगत्व, विषय, प्रांत यांची मोजदाद झाली. मूल आहे की नाही, याचा रकाना तिच्यात नाही. त्याच सुमाराची दुसरी एक पाहणी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, सांगते की २०१९ ते २०२१ या काळात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी तेवीस टक्क्यांहून काही अधिक स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच झालेला होता. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. महाविद्यालयाचे वय आणि पहिल्या बाळंतपणाचे वय आपल्या देशात लाखो मुलींच्या बाबतीत एकच आहे.

आकडे नसले तरी डोळे असतातच. परीक्षेच्या दिवसांत कोणत्याही तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात सकाळी अकराच्या सुमारास जावे. आवारातील झाडाखाली एखादी वृद्ध बाई मांडीवर तान्हे मूल घेऊन बसलेली दिसते. शेजारी पाण्याची बाटली, एक दुपटे, एक खुळखुळा. वर दुसऱ्या मजल्यावर मुलाची आई उत्तरपत्रिका लिहीत असते. तीन तासांच्या पेपरात मूल दोनदा रडते, आणि तो आवाज त्या मजल्यापर्यंत पोहोचतो की नाही याची काळजी वर बसलेलीला आणि खाली बसलेलीला सारखीच असते. ही म्हातारी सासू असेल, आई असेल, कधी शेजारीणही असते. तिचे गुडघे धड आहेत तोवर सुनेची पदवी पुरी होण्याचा संभव. मी असे म्हणतो यात अतिशयोक्ती नाही. आपल्या देशात विद्यार्थिनी-मातांसाठी जी काही कल्याणयोजना आज खऱ्या अर्थाने चालू आहे ती हीच, आणि तिचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात पडत नाही.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास म्हणजे एका अर्थी लेकुरवाळ्या विद्यार्थिनींचाच इतिहास आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या त्या वैद्यक शिकावे या इच्छेने. पती आदल्या वर्षी वारले होते. बरोबर मनोरमा होती, जेमतेम दोन वर्षांची. कानांना कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकाचा बेत मागे पडला. मग रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकल्या आणि तेथेच संस्कृत शिकवू लागल्या. या काळात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींचा त्यांना आश्रय होता, आणि मनोरमेचा सांभाळही पुष्कळसा त्या भगिनींनीच केला. पुढे १८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना वैद्यकाची पदवी मिळावयाची होती, तो समारंभ हे निमित्त. नंतर अमेरिकेतील वास्तव्य लांबले आणि मनोरमेला इंग्लंडला त्या भगिनींकडे परत पाठवावे लागले. मुलगी पाच वर्षांची, आई समुद्रापलीकडे.

या कथेतील एक भाग सहसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. रमाबाई आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध झालेला आहे. त्या पत्रांतून धर्ममतांचे वाद आहेत, तसाच मनोरमेचाही वाद आहे. तिला कोणी वाढवावे, कोणते संस्कार द्यावेत, अखेरचा शब्द कोणाचा? सांभाळणाऱ्या भगिनींना वाटे की मुलीच्या हिताचे आम्हांला कळते. रमाबाईंचे म्हणणे असे की ही माझी मुलगी, तिचे पालनपोषण कसे व्हावे हे मी ठरवीन. दोन्ही बाजूंना मुलीचा लळा होता, कोणाच्याही मनात वाईट नव्हते. परंतु ज्याने मूल सांभाळले त्याचा मुलावर हळूहळू अधिकार उत्पन्न होतो, आणि ज्याच्यावर उपकार झाले त्याचा आवाज हळूहळू बारीक होतो. रमाबाईंचा आवाज बारीक झाला नाही, कारण त्या रमाबाई होत्या. झाडाखाली बसलेल्या सासूच्या भरवशावर पेपर देणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीला असा आवाज कोठून असणार? ‘पोर मी सांभाळते, मग यंदा पुरे कर तुझे कॉलेज’ असे सासूने म्हटले तर तिला उत्तर नाही. सांभाळाची सोय कोणाच्या मर्जीवर अवलंबून असली म्हणजे शिक्षणही त्याच मर्जीवर अवलंबून राहते. ही सोय हक्काने मिळावी, असे म्हणण्याचे कारण एवढेच आहे.

रमाबाई परत आल्या आणि १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. तेथे शिकलेल्या बालविधवांपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले. या बाईंना विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरात एक मुलगा राहिला. पंचविशी उलटल्यावर त्या कर्व्यांच्या आधाराने शिकू लागल्या, जवळजवळ मुळाक्षरांपासून. ‘माझी कहाणी’ या आत्मवृत्तात त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे याच पार्वतीबाई हिंगण्याच्या आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या, आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. रमाबाई रानड्यांनी तेथे प्रौढ स्त्रियांसाठी दुपारचे वर्ग चालवले. दुपारचेच का? सकाळचा स्वयंपाक, पुरुषांची जेवणे, झाकपाक आटोपून संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत बाईला जे काही तास सुटतात ते दुपारचे असतात म्हणून. शाळेच्या घंटेप्रमाणे बाईने आपला दिवस फिरवावा, असा हट्ट त्या संस्थेने धरला नाही; बाईचा दिवस पाहून घंटा बांधली. हे करण्यास कोणता कायदा लागला नव्हता. ज्यांच्यासाठी शाळा काढायची त्यांचे घर आत जाऊन पाहिलेले होते, तेवढे पुरले.

अशीच दृष्टी स्वातंत्र्यानंतर एकदा सरकारी पातळीवरही आलेली दिसते. दुर्गाबाई देशमुख या मूळच्या आंध्रातील. बालवयात झालेला विवाह त्यांनी मोठेपणी नाकारला, आणि मद्रासेत आंध्र महिला सभेच्या द्वारे शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांना बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या मॅट्रिक परीक्षेस बसवण्याचे वर्ग चालवले. पुढे त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या, आणि १९५८ साली त्या मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना सुरू केली. शाळेची कित्येक वर्षे दोन वर्षांत बसवायची, आणि विधवा, परित्यक्ता, गरजू अशा स्त्रियांना परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका होण्याइतके शिक्षण द्यायचे, असा तिचा बेत होता. शिकण्याचे वय टळून गेलेली, संसाराच्या ओझ्याखालची स्त्री ही देखील विद्यार्थिनी होऊ शकते, हे या योजनेने मानले. नंतरच्या काळात आपली विद्यापीठे संख्येने आणि आकाराने अफाट वाढली. ही जाणीव मात्र त्यांच्याबरोबर वाढली नाही.

मूल वाढवणारा विद्यार्थी म्हटला की आपण विशीतल्या स्त्रीचा विचार करतो. आतापर्यंत मीही तोच केला. परंतु याहून लहान वयाचाही एक विद्यार्थी मूल वाढवत असतो, आणि त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे १९४५ साली त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे दहा-बारा वर्षांनी ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. तेथील वारली पाड्यांवर त्यांना असे दिसले की शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येतच नाहीत, आणि आल्याच तर कडेवर धाकटे भावंड असते. आईबाप गवत कापायला किंवा मजुरीला गेलेले. सात-आठ वर्षांची बहीण हीच घरातली आई. मास्तरांनी पोराला बाहेर ठेवून ये म्हटले की ती पोरासकट बाहेर जायची आणि परत यायची नाही. तेव्हा या दोघींनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, आणि तिला नाव दिले विकासवाडी. बहीण आली की कडेवरचे पोर पाळण्यात, चालते-बोलते असेल तर बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. सुटीत तिने जाऊन भावंडाला पाहून यावे. एवढ्या साध्या मांडणीने वर्ग भरू लागला.

ही गोष्ट पुढे राष्ट्रीय धोरणातही उतरली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असे स्पष्ट म्हटले होते की धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गुंतलेल्या मुलींना शाळेत येता यावे यासाठी दिवसाची सांभाळगृहे ही प्राथमिक शिक्षणाची सहायक सेवा म्हणून चालवावीत. म्हणजे आठ वर्षांच्या बहिणीच्या बाबतीत सरकारने तत्त्व मान्य केले: मूल सांभाळण्याची सोय हा शिक्षणखर्चाचाच भाग आहे. तेच तत्त्व वीस वर्षांच्या आईला लागू करताना आपण का अडखळतो, हे मला उमगलेले नाही.

आता आजच्या नियमांकडे वळतो. अलीकडच्या काळात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत एम. फिल. आणि पीएच. डी. करणाऱ्या स्त्रियांना संपूर्ण अभ्यासकाळात एकदा, २४० दिवसांपर्यंत, प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देऊ केली; २०२२ च्या विनियमांतही ती कायम राहिली. पण ही रजा संशोधन करणारीसाठी. बी. ए., बी. एड., एम. एससी. करणारीचे काय? तिच्यासाठी आयोगाने १४ डिसेंबर २०२१ रोजी कुलगुरूंना पत्र लिहून सुचवले की पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूतीनिमित्त रजा आणि उपस्थितीत सूट मिळावी असे नियम आपापल्या विद्यापीठाने करावेत. केरळने हे मनावर घेतले. कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठाने २०२२ च्या डिसेंबरात साठ दिवसांची, आणि केरळ विद्यापीठाने २०२३ साली सहा महिन्यांपर्यंतची रजा मान्य केली.

जेथे नियम नव्हते तेथे विद्यार्थिनींना न्यायालयात जावे लागले, आणि तेथेही उत्तर एकसारखे मिळाले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीला, गरोदरपणामुळे उपस्थिती कमी पडली म्हणून अडवून ठेवणे अयोग्य ठरवले. २०१८ साली त्याच न्यायालयात त्याच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या विद्यार्थिनीला सवलत नाकारली गेली, कारण वकिलीच्या शिक्षणाचे उपस्थितीचे नियम कडक. २०२३ च्या मे महिन्यात एम. एड. च्या एका विद्यार्थिनीच्या दाव्यात न्यायालय पुन्हा तिच्या बाजूने उभे राहिले, आणि शिक्षणाचा हक्क की आई होण्याचा हक्क अशी निवड करण्यास नागरिकाला भाग पाडता येणार नाही, अशा आशयाचे मत त्याने नोंदवले. निकाल स्वागतार्ह आहे. पण पंधरा दिवसांचे बाळ घरी ठेवून उच्च न्यायालयाची पायरी किती जणी चढणार? चढणारी एक; उरलेल्या नाव काढून घेतात. महाविद्यालयाच्या दप्तरात त्यांच्यापुढे शेरा पडतो ‘गैरहजर’, आणि पुढे नुसते ‘गळती’.

आणि समजा, सर्व विद्यापीठांनी उद्या रजेचे नियम केले, तरी माझ्या मते प्रश्नाचा पहिला चतकोरच सुटेल. रजा म्हणजे वर्गाबाहेर राहण्याची परवानगी. ती हवीच, ओल्या बाळंतिणीला बाकावर बसवणे हा निर्दयपणा होय. परंतु सहा महिन्यांनी रजा संपते आणि मूल सहा महिन्यांचेच असते. खरी गरज सुरू होते ती त्या दिवशी. त्यानंतरची तीन वर्षे तिला हवे असतात वर्गात बसता येण्याचे तास, आणि ते तास कोणतीही रजा देऊ शकत नाही. नोकरीतील स्त्रीच्या बाबतीत कायद्याला हे सुचले. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ साली सुधारणा झाली तेव्हा पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झालीच, शिवाय पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, अशीही तरतूद झाली. पण ही पन्नासांची मोजणी कर्मचाऱ्यांची. दोन हजार विद्यार्थिनींच्या महाविद्यालयात त्या दोन हजारांपैकी एकीचीही गणना तिच्यात होत नाही.

पैशाचीही तीच कथा. आपल्या शिष्यवृत्त्या दोन प्रकारचे विद्यार्थी ओळखतात: वसतिगृहात राहणारे आणि घरून येणारे. एखाद्याला शिकण्यासाठी दुसऱ्या माणसाची मदत लागते, ही कल्पना त्यांना अगदीच अपरिचित आहे असे नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० सालच्या नियमांत, अंध विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवणाऱ्यासाठी वेगळा भत्ता होता, आणि अपंग विद्यार्थ्याला सोबत करणाऱ्यासाठीही होता. अत्यंत योग्य तरतूद. मग ज्या विद्यार्थिनीला तीन तास मूल धरणारे कोणी मिळाले तर प्रयोगशाळेत जाता येईल, तिच्यासाठी असा भत्ता का नसावा? इंग्लंडात आज पूर्णवेळ पदवी शिक्षण घेणाऱ्या पालकाला, उत्पन्न कमी असेल तर, मुलाच्या सांभाळाच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग ठरावीक मर्यादेत सरकारकडून मिळू शकतो. जर्मनीत विद्यार्थी-कल्याणाच्या संस्था विद्यापीठांलगत स्वतः बालगृहे चालवतात. त्या देशांची संपत्ती आपल्याकडे नाही, हे खरे. पण पार्वतीबाई शिकल्या तेव्हा तरी कोठे संपत्ती होती? हिंगण्याला आश्रमाची सुरुवात एका झोपडीत झाली होती.

राहण्याच्या जागेविषयी फारसे बोलण्यासारखे नाही, कारण जागाच नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विवाहित संशोधकांसाठी महानदी नावाचे वसतिगृह आहे, आणि आणखी काही राष्ट्रीय संस्थांत अशी घरे आहेत. जिल्ह्याच्या गावच्या मुलींच्या वसतिगृहात बाळासह राहायचे म्हटले तर अधीक्षिका प्रथम हसेल आणि मग नियम दाखवील.

या मागणीवर आक्षेप पुष्कळ येतात. मूल सांभाळणे हे घराचे काम, त्यात सरकारने का पडावे, असे कोणी म्हणतो. या आक्षेपाला कोसबाडच्या टेकडीवर सत्तर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेले आहे. मुक्त विद्यापीठे आहेत ना, असे दुसरा विचारतो. आहेत, १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, आणि त्यांनी कितीतरी गृहिणींना पदवीधर केले. त्यांचे उपकार मानूनही म्हणावे लागते की रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि रुग्णालयातील पाळी घरबसल्या होत नाही. आणि घरी पुस्तक आले म्हणून घरी वेळ आला असेही होत नाही. आई घरात आहे म्हटल्यावर ती मोकळीच आहे, असे सगळे घर धरून चालते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो घेणारे लोकही कळकळीचे असतात. ते म्हणतात, विद्यार्थिनी-मातांच्या सोयी केल्या तर लवकर लग्न लावणाऱ्या आईबापांना निमित्त मिळेल. ‘लग्नानंतर शिक’ हे आश्वासन आताच स्वस्त आहे. ते आणखी स्वस्त होईल. या भीतीत तथ्य आहे. परंतु ज्या मुलीचे लग्न होऊन गेले आणि मूल झाले, तिची शाळा बंद करून कोणाचे लग्न लांबणीवर पडते? तिच्या धाकट्या बहिणीचे नक्कीच नाही. उलट अशी मुलगी शिकून मिळवती झाली तर तिची स्वतःची मुलगी अठरा वर्षांपर्यंत शाळेत राहण्याचा संभव वाढतो. बालविवाहाविरुद्ध लढायचे ते लग्नाच्या मांडवात, कायद्याने आणि समजुतीने. त्याची शिक्षा बाळंतिणीला वर्गाच्या दारात देऊ नये.

मग करावे काय? नवी योजना आखण्याची फारशी जरुरी नाही. जुन्या कागदांवरची धूळ झटकली तरी पुष्कळ सापडते. विद्यापीठ अनुदान आयोगाची अकराव्या पंचवार्षिक योजनेतील, म्हणजे २००७ ते २०१२ या काळातील, एक योजना विद्यापीठांतील सांभाळगृहांसाठी होती. तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले तीत घ्यावयाची, आणि ती केवळ नोकरांची नव्हेत. विद्यार्थ्यांची व संशोधकांचीही घ्यावीत, असे तिच्या उद्देशात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे तत्त्व लिहून झालेले आहे. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढण्याची तरतूद आहे, आणि तेथे मूल घेताना आई नोकरी करते की नाही हे पाहू नये असे धोरण आहे. महाविद्यालयाच्या भिंतीलगत एखादी अंगणवाडी असतेच. तिची वेळ आणि तासिकांची वेळ जुळवून घेणे हे प्राचार्य आणि बालविकास अधिकारी यांनी एकदा एकत्र बसून करण्याचे काम आहे. शासनाच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचा जुना हिशेब पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असा होता. जिल्ह्याच्या महाविद्यालयाला सुरुवातीस याहून मोठ्या पाळणाघराची गरज पडेल असे वाटत नाही.

बडोद्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेला जोडून एक बालवाडी आहे, चेतन बालवाडी या नावाची. बालविकास शिकणाऱ्या विद्यार्थिनींना मुलांमध्ये राहून शिकता यावे यासाठी ती आहे. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा, तशी बालविकासाला ही बालवाडी. आपल्याकडे गृहविज्ञान, बालशिक्षण, समाजकार्य, परिचर्या हे विषय शिकवणारी महाविद्यालये गावोगाव आहेत. त्यांतील विद्यार्थिनींना प्रात्यक्षिकासाठी मुले हवी असतात आणि त्यासाठी त्या दूरदूरच्या शाळांत जातात. त्यांच्याच शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला मूल ठेवायला जागा हवी असते. दोघींची सोय एका खोलीत होऊ शकेल. खोली तळमजल्यावरची असावी, पाण्याच्या नळाजवळ, ग्रंथालयापासून जरा लांब. तिला दोन दारे असावीत, आणि परीक्षेच्या दिवसांत ती सकाळी दहापासून उघडी राहावी. अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईला पेपराच्या मध्ये पंधरा मिनिटे तेथे येऊ द्यावे आणि तेवढा वेळ तिला शेवटी वाढवून द्यावा. प्रवेशअर्जात एक रकाना घालावा, तो भरणे ऐच्छिक ठेवावे, आणि भरलेला अर्ज वर्गशिक्षकाच्या टेबलावर न जाता थेट पाळणाघराच्या सेविकेकडे जावा, म्हणजे जूनमध्येच तिला कळेल की यंदा किती पाळणे बांधायचे.